फळ्यावर एकच नाव

"जया, सोड."

हाक मागून, डाव्या हाताकडून आली. मी वळून पाहिलं नाही. पायातला बॉल टाचेनं मागं सोडला आणि पुढं पळत सुटलो. असा बॉल सोडला की पुढं पळायचं असतं. दोन-तीन सेकंदांत तो परत आपल्या पुढ्यात येतो. मी पाचसहा पावलं पळालो. बॉल आला नाही. स्टेडियममधून आरोळी उठली आणि ती आमच्या बाजूची नव्हती. मागं वळलो तेव्हा बॉल आमच्याच जाळीत होता. आमचा गोली गुडघ्यांवर बसला होता आणि ज्यानं हाक मारली तो आनंदा पिसाळ हात वर करायचं विसरून माझ्याकडं बघत उभा होता.

आनंदा समोरच्या कॉलेजचा सेंटर फॉरवर्ड होता.

ही १९७२ सालच्या जानेवारीतली, कोल्हापूरची गोष्ट. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना होता. सत्तर मिनिटं होऊन गेली होती आणि आम्ही एका गोलनं पुढं होतो. माझ्या त्या पासनंतर एक-एक अशी बरोबरी झाली आणि सामना तसाच संपला. तेव्हाच्या नियमानुसार तो दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा खेळायचा होता.

बाहेरच्या माणसाला हा पास समजणार नाही, म्हणून थोडं सांगतो. कोल्हापुरात फुटबॉल हा तालमींचा खेळ. पुढच्या अंगाला कुस्तीचा हौदा आणि मागच्या खोलीत बॉल, बूट आणि जर्सीची पेटी, अशी प्रत्येक पेठेत एक तालीम आणि प्रत्येक तालमीचा एक संघ. पोरगं दहा वर्षांचं झालं की कुठल्या ना कुठल्या तालमीचं होतं आणि मरेपर्यंत त्याच तालमीचं राहतं. कॉलेजचा संघ म्हणजे या तालमींतून आलेल्या पोरांचा महिन्याभराचा शेजार. वर्षभर एकमेकांच्या नडग्या फोडायच्या आणि जानेवारीत एकाच रंगाची जर्सी घालायची.

मी आणि आनंदा पाणीदरवाजा तालमीचे. दहा वर्षं मी लेफ्ट हाफ आणि तो माझ्या मागून किंवा पुढून येणारा फॉरवर्ड. त्याची हाक आली की बॉल सोडायचा, हे मी विचार करून करत नव्हतो. मॅट्रिकला त्याला मार्क कमी पडले म्हणून तो दुसऱ्या कॉलेजात गेला. आमच्या कॉलेजच्या संघात पाणीदरवाजाचा मी एकटा, आणि चिंचेच्या तालमीचे सहा. त्या सहांपैकी एक सर्जेराव घाटगे, आमचा कॅप्टन आणि सेंटर हाफ. चिंचेची तालीम आणि पाणीदरवाजा यांच्यात काय होतं हे सांगायला वेगळी गोष्ट लागेल. एवढंच सांगतो की माझ्या थोरल्या बहिणीला त्या पेठेतलं चांगलं स्थळ आलं होतं आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच कारणावरून ते परत पाठवलं होतं.

मॅच संपल्यावर स्टँडखालच्या खोलीत आम्ही कपडे बदलत होतो. सर्जेराव बुटाची नाडी सोडत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "बॉल कुणाला दिलास?"

मी म्हणालो, हाक आली.

"कुणाची हाक?"

मी मोजे उतरवायला लागलो.

"मुद्दाम दिलास?"

"नाही."

"तालमीची हाक आली आन् तू दिलास. मग तिकडचीच जर्सी घालायची की. आमच्यात कशाला आलास?"

अण्णा खोलीतच होते. बळवंतराव खराडे त्यांचं नाव, कागदावर शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक, पण त्यांना प्राध्यापक कोणी म्हणत नसे. त्यांचं वय तेव्हा पंचावन्न. कॉलेजचा पहिला फुटबॉल संघ १९३६ साली झाला, त्यात ते होते. अनवाणी खेळत. पुढं उजवा गुडघा गेला तेव्हा त्यांनी खेळणं सोडलं आणि शिकवणं धरलं. ओरडत नसत. मॅच चालू असताना टचलाइनला बाकड्यावर बसत आणि पेरू खात. आम्ही गोल केला काय आणि खाल्ला काय, पेरू संपेपर्यंत उठत नसत. त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांच्या पायांवरून एकदा नजर फिरवली, कुणाच्या घोट्याला बर्फ लावायचा ते सांगितलं आणि म्हणाले, सकाळी आठला जिमखान्यात. माझ्याकडं त्यांनी इतरांपेक्षा जास्त पाहिलं नाही आणि कमीही पाहिलं नाही.

बाहेर सायकल काढताना भिंतीपलीकडून उपप्राचार्यांचा आवाज आला. ते अण्णांशी बोलत होते. त्यांचं म्हणणं असं होतं की त्या मुलाला उद्या बसवावं. दोष कोणाचा हा प्रश्न नाही, पण गावात चर्चा सुरू झाली आहे, आणि मुलाच्याही भल्याचं तेच आहे.

"बघतो," अण्णा म्हणाले.

अण्णांचं 'बघतो' दोन्ही अर्थांनी लागायचं. सायकल हातात धरून मी घरापर्यंत चालत गेलो. वाटेत तीन ठिकाणी लोकांनी थांबवलं. पानपट्टीवाल्यानं विचारलं, मुद्दाम दिलास का. आमच्या तालमीचे अध्यक्ष रस्त्यात भेटले, त्यांनीही तेच विचारलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर थोडं कौतुक होतं आणि ते मला जास्त लागलं. उद्या मी खेळलो तर तो पास ही नुसती एक चूक ठरणार होती. उद्या मी बाहेर बसलो तर सगळ्या गावाला उत्तर मिळणार होतं, आणि त्या गावात मला अजून चाळीस-पन्नास वर्षं राहायचं होतं.

आबा नगरपालिकेच्या पाणीखात्यात होते. मॅच बघून ते माझ्या आधी घरी पोचले होते. मी पाय धुऊन आत आलो तर ते चुलीसमोर पाटावर बसून होते, ताट वाढलेलं आणि त्याला हात लावलेला नव्हता.

"मुद्दाम दिलास व्हय रं?"

"नाही आबा."

"आयच्यान?"

आई तिथंच भाकरी थापत होती. मी म्हणालो, आयच्यान. आबांनी मान हलवली आणि जेवायला सुरुवात केली. विश्वास बसला की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. जेवण झाल्यावर एवढंच म्हणाले की आमच्या वेळेला बघून पास द्यायची पद्धत होती.

थोड्या वेळानं आनंदा आला. सायकल भिंतीला लावून नेहमीसारखा आत न येता उंबऱ्यावर बसला. आईनं त्याला ताटलीत पिठलं-भाकरी आणून दिली. त्याची दोन घरं होती, त्यातलं हे एक. पहिले काही घास तो खाली मान घालून जेवला.

"जया, मी मुद्दाम न्हाई हाक मारली."

"मग?"

"तुझी पाठ दिसली. तू बॉल घेऊन चाललावतास. तोंडातनं निघालं."

"तोंडातनं निघालं."

"आरं दहा वर्सं तीच पाठ बघतोय. जर्सीकडं कोण बघतंय?"

मी त्याच्याकडं बघत राहिलो. खोटं बोलताना आनंदा कानाची पाळी ओढायचा. दोन्ही हात जेवणात होते. मी विचारलं, मग बॉल आल्यावर मारलास कशाला?

त्याला प्रश्नच कळेना. "पायात आला. पायात आल्यावर काय करायचं? परत द्यायचा?"

तो म्हणाला, मी जाऊन सर्जेरावला सांगतो, की माझीच चूक. मी म्हणालो, गोल तू मारलास आणि साक्ष पण तूच देणार, तर तुझ्यावर कोण विश्वास ठेवील? त्यालाही ते पटलं. मग हातातली भाकरी मोडत तो हसायला लागला आणि काही केल्या थांबेना. आतून आबांनी विचारलं, काय झालं? आनंदा म्हणाला, काही नाही मामा, ठसका लागला.

सकाळी आठला जिमखान्यात आम्ही सोळाजण होतो. लांबट खोली, एका भिंतीला वजनं आणि डंबेल्स, दुसऱ्या भिंतीला काळा फळा. मॅचच्या दिवशी अण्णा त्या फळ्यावर संघ लिहीत. आधी कोणाला सांगत नसत. आठ वाजता खडू घेत, अकरा जागा एकाखाली एक लिहीत आणि समोर नावं. नाव नसेल त्यानं विचारायचं नाही आणि असेल त्यानं हसायचं नाही, असा रिवाज होता. फळ्याच्या वर पहिल्या संघाचा फोटो होता. त्यात आठच माणसं होती. संघात अकरा का नाहीत हे आम्ही कोणी कधी विचारलं नव्हतं.

अण्णांनी खडू घेतला, तेव्हा सर्जेराव पुढं झाला.

"अण्णा, एक बोलायचंय."

"बोल."

"आमी सहाजण ठरवून आलोय. बोंद्रे खेळणार असंल तर आमी खेळणार न्हाई."

बोंद्रे म्हणजे मी. आदल्या दिवसापर्यंत सर्जेरावही मला जया म्हणायचा.

अण्णांनी विचारलं, कोण कोण? सहा हात वर झाले. त्यातले दोन जरा उशिरा झाले. अण्णांनी प्रत्येकाकडं पाहून मान हलवली, जणू हजेरीच घेत होते. मग ते फळ्याकडं वळले आणि सावकाश, चांगल्या अक्षरात, अकरा जागा एकाखाली एक लिहिल्या. गोली. राइट बॅक. लेफ्ट बॅक. राइट हाफ. सेंटर हाफ. लेफ्ट हाफ. मग पाच फॉरवर्ड. सगळ्यांच्या समोर जागा कोरी ठेवली. शेवटी लेफ्ट हाफच्या समोर लिहिलं: बोंद्रे.

खडू फळ्याखालच्या पट्टीवर ठेवून त्यांनी हात झटकले.

"बाकीच्यांनी आपापलं नाव लिहा. ज्याला जिथं खेळायचंय तिथं. ज्याला न्हाई खेळायचं त्यानं घरी जावं, मी काय म्हणणार न्हाई."

सर्जेराव म्हणाला, "आन् अकरा झाले न्हाईत तर?"

"तर जेवढे होतील तेवढ्यात खेळू." अण्णांनी फोटोकडं बोट केलं. "छत्तीस साली तालमींनी पोरं सोडली न्हाईत. कॉलेजची जर्सी घालशील तर तालमीत पाय ठेवू नको म्हणाले. आमी आठच आलो. नऊ गोल खाल्ले. पण मॅच झाली." आणि टोपी घालता घालता म्हणाले, "मी चहा पिऊन येतो."

ते गेले. सोळाजण फळ्याकडं बघत उभे राहिलो. एवढ्या मोठ्या फळ्यावर आपलं एकटंच नाव बघणं ही सुखाची गोष्ट नसते. मला ते पुसून टाकावंसं वाटत होतं, आणि ते कोणी पुसेल अशी भीतीही वाटत होती. मी दोन्ही हात पाठीमागं धरून ठेवले.

पहिला पुढं झाला तो शब्बीर मुल्लाणी. शब्बीर आमचा सोळावा. दोन वर्षं संघाबरोबर होता, पाणी देत होता, बॉल शिवून आणत होता, एका मॅचमध्येही त्याला जागा मिळाली नव्हती. तो खडू घेऊन फळ्यापाशी गेला, वरपासून खालपर्यंत सगळ्या जागा वाचल्या आणि सेंटर हाफच्या समोर आपलं नाव लिहिलं.

ती सर्जेरावची जागा होती.

कोणीतरी विचारलं, "शब्ब्या, तू कधी सेंटर हाफ खेळलाईस?"

"न्हाई," शब्बीर म्हणाला. "पण जागा मोकळी दिसली."

पहिल्यांदा हसला तो आमचा गोली, आणि तो त्या सहांपैकीच होता. हसू संपायच्या आत बाकीच्या राखीव पोरांच्या लक्षात आलं की जागा नऊच उरल्या आहेत आणि खडू एकच. एकानं राइट आउट लिहिलं, दुसऱ्यानं लेफ्ट बॅक. तिसरा गोलीच्या जागेकडं निघाला, तेव्हा आमचा गोली त्याला कोपरानं बाजूला सारून पुढं गेला आणि आपलं नाव दोनदा गिरवून लिहिलं, पुसता येऊ नये म्हणून. सर्जेराव म्हणाला, "काय रं, ठरलंवतं की आपलं." गोली म्हणाला, ठरलं होतं, पण हा येडा माझ्या जागी उभा राहिला तर आज दहा खाऊ, आणि मग मला चिंचेच्या तालमीत कोण उभं करील? यानंतर सहाचे पाच झाले, पाचाचे तीन. खडू तुटला, त्याचे दोन खडू झाले आणि काम लवकर झालं.

अण्णा परत आले तेव्हा फळा भरला होता. तीन राखीव पोरं नको त्या जागी होती आणि कॅप्टनचं नाव नव्हतं. अण्णांनी वरून खाली वाचलं.

"सर्जेराव, तुझं काय?"

सर्जेराव फळ्यासमोर उभा होता. वीस वर्षांचा माणूस जितका ताठ उभा राहू शकतो तितका. मग म्हणाला, "अण्णा, माझी जागा..."

"मला काय विचारतोस? जागा त्याची हाय. त्याला विचार."

सर्जेराव शब्बीरकडं वळला. शब्बीरनं खाली बघून खरोखरच विचार केला. त्याच्याकडं ही एकच वस्तू होती आणि ती त्याला पुन्हा मिळणार नव्हती हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

"देतो," तो म्हणाला. "पण शेवटची धा मिनिटं मी येणार. कुणाच्या बी जागी."

अण्णा म्हणाले, "कबूल." सर्जेरावनं शब्बीरचं नाव हातानं न पुसता फडकं आणून नीट पुसलं आणि आपलं लिहिलं. बाकीच्या दोन जागा अण्णांनी त्या-त्या पोरांकडूनच बदलून घेतल्या. ज्यांची नावं गेली त्यांनी रिवाजाप्रमाणं विचारलं नाही. लेफ्ट हाफसमोरच्या नावाला कोणी हात लावला नाही. ते अण्णांच्या अक्षरात होतं आणि बाकीची दहा आमच्या अक्षरात.

दुपारी मैदानात उतरायच्या आधी अण्णांनी मला बाजूला घेतलं. आता विचारतील असं मला वाटलं. आदल्या संध्याकाळपासून मला तो एकच प्रश्न सातजणांनी विचारला होता. मी मोजले होते. अण्णांनी प्रथमोपचाराच्या पेटीतून कापसाचे दोन बोळे काढून माझ्या हातावर ठेवले.

"कानात घाल."

"अण्णा, शिट्टी ऐकू येणार नाही."

"शिट्टी दिसती. हात वर करतोय न्हवं पंच? बघून खेळायचं."

तशी ती मॅच मी बहिरा होऊन खेळलो. स्टेडियम भरलं होतं आणि माझ्याबद्दल जे काही म्हटलं जात होतं ते म्हणणाऱ्यांच्या तोंडांच्या आकारावरून कळत होतं, पण आवाजाशिवाय शिवीत फारसा दम राहत नाही. पहिल्या अर्ध्या तासात मी ऑफसाइडची शिट्टी झाल्यावरही बॉल घेऊन वीस यार्ड पळालो आणि पंचांनी मला बोट दाखवून तंबी दिली. सर्जेरावनं आपल्या कानाकडं हात करून त्यांना काहीतरी समजावलं. पंच हसले. मग मला कोणी आवाज देईना, सगळे हात करायला लागले. हात बघायचा तर मान वर ठेवावी लागते. मी आयुष्यात पहिल्यांदा मान वर ठेवून खेळलो आणि मैदान वाटत होतं त्यापेक्षा बरंच मोठं निघालं.

बावन्नाव्या मिनिटाला कॉर्नरवर सर्जेरावनं डोक्यानं गोल केला. मी त्या वेळी अर्ध्या मैदानात होतो. माझा त्यात काही वाटा नव्हता. शेवटच्या दहा मिनिटांना शब्बीर आला, राइट आउटला. त्याला बॉल चारदा मिळाला आणि चारही वेळा त्यानं तो स्टँडमध्ये मारला. तेवढाच वेळ गेला. आम्ही एक-शून्यनं जिंकलो.

कापूस काढला तेव्हा आनंदा समोर उभा होता. "तीनदा हाक मारली तुला," तो म्हणाला. "भैरा झालास व्हय?" मी त्याला बोळे दाखवले. तो म्हणाला, हे बरं केलंस, कारण त्यातली एकच हाक मुद्दाम होती.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सामन्याची बारा ओळींची बातमी होती. अकरावी ओळ अशी: लेफ्ट हाफ बोंद्रे यांचा खेळ समाधानकारक झाला. आबांनी ती पाणीखात्यातल्या सगळ्यांना वाचून दाखवली. पासचा विषय पुढं वर्षभर निघत राहिला, पण थट्टेत. गावात एखादी गोष्ट थट्टेत गेली की माणूस सुटला. सर्जेराव मला पुन्हा जया म्हणू लागला, आणि एप्रिलमध्ये तालमींच्या मॅचमध्ये त्यानं माझी नडगी फोडली, म्हणजे सगळं पूर्ववत झालं.

अण्णांनी मला त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही कधी विचारलं नाही. बाकी साऱ्यांनी विचारलं, बापानं शपथ घालून विचारलं, आणि या माणसानं न विचारता माझं नाव लिहिलं. त्याला माहीत होतं, असं मी धरून चाललो. आपल्याला कोणीतरी पुरतं ओळखून आहे, या भरवशावर मी पुढची बावीस वर्षं काढली. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, नोकरी धरली, अण्णा निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांच्याच जिमखान्यात, त्यांच्याच जागेवर आलो. ते सगळं त्या एका नावावर उभं होतं असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

१९९४ साली माझ्या संघात एक गोली होता. उपांत्य सामन्यात सरळ अंगावर आलेला बॉल त्यानं पायांतून जाऊ दिला. आम्ही तरीही जिंकलो, पण गावात बोलणं सुरू झालं, कारण समोरच्या संघात त्याचा मावसभाऊ होता. अंतिम सामना रविवारी. मी त्या मुलाला जिमखान्यात बसवून दोन तास विचारलं. तो आधी नाही म्हणाला, मग रडला, मग काहीच बोलेना. मला काही कळलं नाही. शेवटी सायकल काढून मी अण्णांकडं गेलो.

अण्णा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. अंगणात खुर्ची टाकून, उजवा पाय स्टुलावर ठेवून बसले होते. मी सगळं सांगितलं. शेवटी मी विचारलं की अशा वेळी खरं-खोटं कसं ओळखायचं.

"न्हाई ओळखता येत," ते म्हणाले.

"तुम्ही माझं ओळखलं होतंत की."

"तुझं?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "तुझं कुठं ओळखलंवतं?"

ते पुढं बोलत राहिले, सहज, गुडघा चोळत.

"मला काय ठावं तू कशाला दिलास? कालचा पोरगा तू. तालमीसाठी दिला असशील, चुकून दिला असशील. आजबी ठावं न्हाई मला."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारून? तू न्हाईच म्हणणार. खरं असलं तरी न्हाई, खोटं असलं तरी न्हाई. मग माझ्या हातात काय आलं? आन् एकदा विचारलं की पोरगं वेगळंच खेळतंय. मला दुसऱ्या दिवशी लेफ्ट हाफ पायजे हुता. तुझ्याएवढा बरा दुसरा न्हवता." मग म्हणाले, "आन् आनखी एक सांगतो. मुद्दाम दिला असतास, तरी दुसऱ्यांदा देनं तुला जड गेलं असतं. सगळ्यांच्या आधी नाव लिहिल्यावर."

मी म्हणालो, अण्णा, मी आता खरं सांगू का? बावीस वर्षं झाली.

त्यांनी हात हलवला. "नको. आता सांगून काय करतोस? मॅच झाली." आणि आत आवाज देऊन चहा टाकायला सांगितला. चहा येईपर्यंत रविवारी समोरचा संघ कसा खेळतो, त्यांचा राइट बॅक वळायला किती वेळ घेतो, हे त्यांनी बारकाईनं विचारलं.

निघालो तेव्हा दिवस मावळायला आला होता. दसरा चौकापर्यंत मला राग होता. पुढं नव्हता. सर्किट हाउसच्या चढावर सायकलवरून उतरलो आणि उरलेलं अंतर तिला धरून सावकाश चालत गेलो, कारण घाई कसलीच नव्हती.

रविवारी तोच गोली खेळला. त्याला मी परत काही विचारलं नाही. त्यानं दोन गोल खाल्ले आणि आम्ही तीन मारले. त्यानं खाल्लेला दुसरा गोल जरा सोपा होता.